उपग्रह संवेदकांच्या अंशशोधनासाठी नैसर्गिक भूस्थळे

उपग्रहावरील संवेदक प्रयोगशाळेत काटेकोर तपासून पाठवला, तरी प्रक्षेपणाचे हादरे, अतिनील किरण आणि भिंगांवर साचणारे सूक्ष्म थर यांमुळे कक्षेत त्याची संवेदनशीलता बदलते. यानावरचे संदर्भदिवे आणि सूर्यप्रकाश विखुरणारे पडदेही झिजतात. म्हणून जमिनीवरील निवडक स्थळांकडे पाहून संवेदकाचे आकडे पडताळले जातात; यालाच अंशशोधन म्हणतात.

स्थळ विस्तृत, सपाट, एकजिनसी, कोरडे आणि वनस्पतिविरळ लागते. ते उजळ असावे, म्हणजे परावर्तकता (पडलेल्या प्रकाशापैकी परत फेकला जाणारा हिस्सा) ०.३ च्या वर असलेली बरी. मग संवेदकापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात जमिनीचा वाटा मोठा राहतो आणि वातावरणाच्या मापनातली चूक उत्तरात कमी शिरते. उंचावरच्या स्थळांवर हवेत धूलिकण कमी असतात.

उपकरणे बसवलेल्या स्थळांचे ‘रॅडकॅलनेट’ हे जाळे अमेरिकेतील रेलरोड व्हॅली, फ्रान्समधील ला क्रो, नामिबियातील गोबाबेब आणि चीनमधील बाओटौ या चार स्थळांपासून सुरू झाले. तिथून दिवसा दर अर्ध्या तासाला वातावरणाच्या माथ्यावरील परावर्तकतेचे आकडे मिळतात.

स्वयंचलित उपकरणे नसतील तिथे माणसे जातात. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या आगेमागे स्पेक्ट्रोरेडिओमीटर (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारे उपकरण) घेऊन जमिनीवर ठरावीक ओळींनी चालत जमिनीचे वर्णपट घेतात आणि दर काही मिनिटांनी पांढऱ्या संदर्भफलकाचे वाचन करतात. जमिनीचे वाचन भागिले फलकाचे वाचन, गुणिले फलकाची ज्ञात परावर्तकता, हा सगळा हिशोब. सन-फोटोमीटर त्याच वेळी धूलिकण आणि बाष्प मोजतो. मग वातावरणातून प्रकाश कसा जातो ते मांडणाऱ्या ‘मोडट्रान’ किंवा ‘सिक्स-एस’सारख्या संगणकीय प्रारूपातून संवेदकाला किती प्रकाश दिसायला हवा ते काढतात. काळजी घेतली, तर अनिश्चितता साधारण ३ ते ५ टक्क्यांवर येते.

बिघडते ते बहुधा छोट्या गोष्टींमुळे. फलकावर धूळ बसली, की तो काळवंडतो आणि जमीन खोटीच उजळ ठरते. मापन करणाऱ्याच्या फिकट कपड्यांवरून उडालेला प्रकाशही वाचनात शिरतो, म्हणून गडद कपडे घालतात. विरळ तंतुमेघ डोळ्यांना दिसत नाहीत, पण वाचनांवर परिणाम करतात. पावसानंतर मिठाचे वा मातीचे ओले पृष्ठ लघुतरंग-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या) तरंगलांबींच्या पट्ट्यांत तर फारच काळे दिसते. ते पुरते वाळेपर्यंत थांबावे.

सहारातील ‘लिबिया-४’सारख्या वाळवंटांवर मात्र उपकरणेच नाहीत. त्यांची परावर्तकता दीर्घकाळात १ ते २ टक्क्यांच्या आत स्थिर राहते, हेच त्यांचे मोल. संवेदक वर्षानुवर्षे कसा घसरतो आहे ते इथे उत्तम कळते. त्याचा आकडा मुळात बरोबर आहे का, ते निव्वळ स्थैर्यावरून कळत नाही. ही गल्लत वारंवार होते. शिवाय वाळूच्या टेकड्या सूर्याच्या आणि पाहण्याच्या कोनानुसार वेगळ्या दिसतात. कोनांची दुरुस्ती न करता आलेख काढला, तर ऋतूंची चढउतार संवेदकाच्या माथी मारली जाते.

दोन उपग्रहांची तुलना करताना आणखी एक पेच येतो: दोघांच्या ‘लाल’ पट्ट्याची रुंदी सारखी नसते. वाळवंटाची परावर्तकता दृश्य प्रकाशात तरंगलांबीबरोबर चढत जाते, त्यामुळे दोन्ही संवेदक निर्दोष असूनही आकडे जुळत नाहीत. हा फरक ‘हायपेरियन’सारख्या अतिवर्णपटीय (प्रकाश अनेक अरुंद पट्ट्यांत मोजणाऱ्या) संवेदकाच्या नोंदींवरून गुणक काढून दूर करतात.

रडारसाठी वाळवंट नव्हे, तर ॲमेझॉनचे घनदाट वर्षावन वापरतात. तिथला परतीचा प्रतिध्वनी आपाती कोन (रडारलहर पृष्ठावर पडण्याचा कोन) बदलला तरी बराचसा एकसारखा राहतो, त्यामुळे अँटेनाच्या किरणशलाकेचा आकार तपासता येतो.