पार्श्वभूमी : मागच्या एअर शॉकमधला ३० टक्क्यांचा घोळ

पाऊस ओसरून गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या सड्यांवरच्या वाटा सुकल्या की फुल सस्पेन्शनवाल्यांचा, म्हणजे मागच्या चाकालाही शॉक असलेल्या सायकलवाल्यांचा, जुना वाद डोके वर काढतो. सॅग, म्हणजे स्वाराच्या नुसत्या वजनाने सस्पेन्शन जितके दबते ते, ३० टक्के ठेवायचा हे सगळ्यांना मान्य. पण ३० टक्के कशाचे, आणि ते बसून मोजायचे की उभे राहून?

हवेची स्प्रिंग काही सायकलवाल्यांनी शोधलेली नाही. १९७० च्या दशकात ती मोटोक्रॉसमध्ये गाजली. तापली की दाब चढतो ही तिची खोड तिथे नडली आणि मोटरसायकली पुन्हा कॉइलकडे, म्हणजे तारेच्या वेटोळ्या स्प्रिंगकडे, वळल्या. सायकलीला मात्र ती मानवली. १५ किलोच्या सायकलीवर ६० किलोचा बसतो तसा ९५ किलोचाही बसतो. कॉइल असेल तर दोघांना दोन स्प्रिंगा लागतात, इथे पंप जोडला की काम झाले. जाहिरातीत हलकेपणा पुढे असतो, पण खरा फायदा हा.

१९९० च्या दशकातले बरेच शॉक इलॅस्टोमरवर (रबरासारख्या ठोकळ्यांवर) किंवा कॉइलवर चालायचे. हवेवाले होते ते सुरुवातीलाच ताठ. आतली हवा पिस्टनला सतत रेटत असल्याने ठरावीक जोर बसेपर्यंत शॉक हलायचाच नाही. जांभ्याच्या बारीक खडबडीवर असा शॉक असून नसल्यासारखा. म्हणून पिस्टनच्या पलीकडे उलटा जोर लावणारी निगेटिव्ह स्प्रिंग आली. आधी ती पोलादी होती आणि एकाच वजनाला जमायची. मग हवेची आली, वेगळ्या व्हॉल्व्हची. शेवटी नळीत बारीक खाच ठेवून पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या कप्प्यांचा दाब आपोआप सारखा होईल अशी सोय झाली.

आजच्या सेटिंगमधली निम्मी भानगड या खाचेपाशी आहे. पंपाने भरतो तो फक्त पॉझिटिव्ह, म्हणजे वजन पेलणारा, कप्पा. दर ५० पीएसआय दाबाला थांबून, सीटवर भार देत पहिला पाव स्ट्रोक (स्ट्रोक म्हणजे शॉक दबू शकतो ते एकूण अंतर) दहा-बारा वेळा सावकाश दाबला की हवा पलीकडे जाते आणि काटा खाली येतो. ही गळती समजून सील मागवणारे कमी नाहीत. पंप पुन्हा जोडल्यावर काटा उतरलेला दिसतो तेव्हाही गळती नसते, पंपाची रिकामी नळी भरायला तेवढी हवा खर्ची पडते. २०१४-१५ च्या सुमारास निगेटिव्ह कप्पे मोठे झाले आणि त्याच माणसाला त्याच सॅगसाठी जास्त दाब लागू लागला. जुन्या शॉकचा आकडा नव्यावर चढवणारे इथे फसतात. वजन जितके पौंड तितके पीएसआय हा ठोकताळा सुरुवातीपुरता ठीक आहे. ७२ किलोवाल्याने १६० च्या आसपास सुरू करावे.

आता मूळ वादाकडे. सॅग मोजण्याची रीत मोटोक्रॉसचीच. तिथे मागच्या चाकाचा ट्रॅव्हल (चाक वर येऊ शकते ते एकूण अंतर) साधारण ३०० मिमी, स्वारासह सॅग १०० च्या आसपास, आणि तो मोजतात चाकाच्या आसापासून वर मडगार्डपर्यंत. टेप धरायला दुसरा माणूस लागतो. सायकलच्या शॉकवर ओ-रिंग, म्हणजे दांड्यावर सरकणारी रबरी कडी, आली, एकट्याने मोजणे जमू लागले, आणि त्या सोयीपायी मोजायची जागाच बदलली. पुढे शॉकच्या दांड्यावर टक्के छापूनच येऊ लागले, मग कोण विचारतो? पण फ्रेमचे लिव्हरेज (शॉक एक मिमी दबला की चाक जितके मिमी वर येते ते) सुरुवातीला ३.२ आणि शेवटी २.३ असेल, तर ५५ मिमी स्ट्रोकच्या शॉकवर रिंग १६.५ मिमी सरकते, म्हणजे बरोबर ३० टक्के. तेवढ्यात चाक मात्र ५० मिमी वर आलेले असते, म्हणजे १५१ मिमी ट्रॅव्हलपैकी ३३ टक्के. दोघे मित्र ‘३०’ म्हणतात आणि दोघांच्या सायकली वेगळ्या वागतात, त्यात नवल नाही.

बसून की उभ्याने, यावर कंपन्यांची पुस्तकेही एका तोंडाने बोलत नाहीत. बसल्यावर मागे भार जास्त, म्हणून बसून ३० काढणारा हवा जास्त भरतो आणि उतारावर पेडलवर उभा राहिला की तोच शॉक तिशी गाठत नाही. चढावर बसूनच तासभर घालवणाऱ्याला ते चालेल. सड्यावरून खाली सुटायचे असेल तर उभ्याने मोजावे, भिंतीला एक हात टेकून. बसून मोजण्याच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की आकडा दरवेळी सारखा येतो.

शॉक तळाला आपटतो म्हणून हवा वाढवत नेण्याची सवय स्पेसर (कप्प्यात बसवायचे तुकडे) आल्यावर तरी सुटायला हवी होती. स्पेसर पॉझिटिव्ह कप्पा लहान करतो, शेवट कडक होतो, सॅगला फारसा धक्का लागत नाही. आपल्याकडच्या हवामानाचा बाऊ मात्र नको. पहाटे २० अंशांत १८० पीएसआय भरलेला शॉक दुपारी ३३ अंशांत आठ-नऊ पीएसआयने चढतो, तेवढे लक्षात ठेवले की पुरे. चोर्ला घाटाच्या उंचीने पडणारा फरक तर जेमतेम एक-सव्वा पीएसआयचा.

२०१६ पासून शॉकची मापे इंचांऐवजी मिलिमीटरमध्ये ठरू लागली. जुन्या इंची मापाच्या २००×५१ (लांबी×स्ट्रोक, मिमीत) च्या जागी नवा २१०×५० बसत नाही, त्यामुळे जुनी फुल सस्पेन्शन सायकल स्वस्तात मिळत असली तरी पैसे देण्याआधी शॉकचे माप पाहून त्या मापाचा शॉक आणि सील किट अजून मिळते का याची चौकशी करावी.