जंतूंचा कोरम

व्हेंटिलेटरच्या नळीवर स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू येऊन बसला म्हणजे रुग्ण लगेच आजारी पडतोच असे नाही. मोजकेच असताना हे जंतू आपली बरीचशी विषारी द्रव्ये बनवत नाहीत. संख्या वाढली की मात्र सगळे मिळून ती सोडू लागतात. आपण किती जण आहोत हे त्यांना कसे कळते, याचा धागा रुग्णालयात नव्हे, तर समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये सापडला.

हार्वर्डमधील केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज हे जिवाणू वाढवत होते. ताज्या द्रवात ते वाढायचे, पण अंधारातच. गर्दी झाली की एकदम उजळायचे. दाट वाढीतले जिवाणू काढून उरलेला द्रव विरळ वाढीत मिसळला, तर तीही लवकर चमकू लागे. म्हणजे त्या द्रवात जिवाणूंनीच सोडलेला काहीतरी निरोप होता. हे काम १९७० साली प्रसिद्ध झाले. न्यूमोनियाच्या जंतूंमध्ये संप्रेरकासारखा पदार्थ असल्याचे अलेक्झांडर टोमाझ यांनी १९६५ मध्येच दाखवले होते. तरीही कितीतरी वर्षे हे विषय एका कोपऱ्यातच राहिले, याची मला खंत वाटते.

निरोपाच्या रेणूची रचना १९८१ मध्ये उलगडली. वैद्यकाला खरी जाग आली ती १९९१ मध्ये. गॅम्बेलो आणि इग्लेव्स्की यांना स्यूडोमोनासमध्ये 'लास-आर' हे जनुक सापडले. फुफ्फुसातील लवचिक तंतू कुरतडणारे इलास्टेज याच जनुकाच्या हुकमाने बनते, आणि हे जनुक समुद्री जिवाणूंच्या प्रकाशाचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाच्या नात्यातले निघाले. १९९४ मध्ये या प्रकाराला 'क्वोरम सेन्सिंग' हे नाव मिळाले. सोसायटीच्या सभेला लागतो तोच हा कोरम. १९९८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: निरोप देऊ न शकणाऱ्या स्यूडोमोनासचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, साबणासारख्या रसायनाने सुटून येतो.

मग निरोपच तोडला तर? स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या जिवाणूने इथे सावध केले. त्याची 'एजीआर' यंत्रणा गर्दी झाल्यावर चिकटण्याची प्रथिने कमी करते आणि विषे वाढवते. ती बंद पडली की विष घटते, पण कॅथेटरसारख्या वस्तूवरचा थर उलट जाड होऊ शकतो.

स्यूडोमोनासचा अनुभवही सरळ नव्हता. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक नेहमीच्या मात्रेत त्याला मारत नाही, पण त्याचे निरोप मंदावते. नळी घातलेल्या रुग्णांमध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१० मध्ये पाहिले, की औषध न दिलेल्यांत काही दिवसांनी 'लास-आर' बिघडलेले, कमी घातक जंतू वाढत जातात. इतरांनी बनवलेल्या द्रव्यांवर ते फुकट जगतात. औषध दिलेल्यांत निरोपच मंदावल्याने या फुकट्यांचा फायदा संपला, आणि निरोप शाबूत असलेले, जास्त घातक जंतूच टिकून राहिले.