पालाश (वनस्पतिपोषण)

नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) यांच्या जोडीचे तिसरे मुख्य अन्नद्रव्य. रासायनिक दृष्ट्या पोटॅशियम. नत्र प्रथिनांत आणि स्फुरद केंद्रकाम्लांत बांधला जातो. पालाश मात्र कोणत्याही सेंद्रिय संयुगाचा कायम घटक होत नाही. पेशीरसात आयनरूपातच वावरतो. साठाहून अधिक विकरांना (एन्झाइमांना) चालना, पर्णरंध्रांची उघडझाप आणि पानातील साखर खोड, फळ वा कंदाकडे वाहून नेणे यांत त्याचा वाटा असतो. कमतरता आधी जुन्या पानांच्या करपलेल्या कडांवर दिसते.

सांगली-सातारा भागात मतभेद आहे तो जमिनीतील साठ्याविषयी. बेसाल्टापासून बनलेल्या काळ्या जमिनींचे माती परीक्षण केल्यास उपलब्ध पालाश बहुधा ‘भरपूर’ निघतो. त्यामुळे कृष्णाकाठी पालाश देण्याची गरज नाही, असे एक मत आहे; ते अगदीच निराधार नाही. तथापि परीक्षणात अमोनियम ॲसिटेटने सुटणारा, म्हणजे विद्राव्य व विनिमयक्षम (मातीच्या कणांवर सैल धरलेला), पालाशच मोजला जातो. चिकणमातीच्या थरांत अडकलेला साठा किती आणि तो कोणत्या वेगाने सुटेल, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय चुनखडीयुक्त जमिनीत कॅल्शियम, तर वाळवा-मिरजकडील क्षारपड रानांत सोडियम मुळांपाशी त्याच्याशी स्पर्धा करतो. ऊस तर पुष्कळदा नत्राहूनही अधिक पालाश उचलतो. केवळ मातीच्या आकड्यावर मात्रा बंद करणे म्हणूनच धोक्याचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. द्राक्षात खरड (एप्रिलमधील) छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी व पुढे फुलोऱ्यात देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) करतात, ते यासाठीच.

आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाला शिफारशीनुसार हेक्टरी १७० किग्रॅ. पालाश, निम्मा लागणीच्या वेळी व निम्मा मोठ्या बांधणीला (सरीत माती चढवताना) देतात. (पोत्यावरील टक्केवारी पोटॅशियम ऑक्साइडची असते, मूलद्रव्य त्याच्या ०.८३ पट.) उसाला म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड, ६०%) चालते. द्राक्षाला क्लोराइड सोसत नसल्याने तासगाव भागात मण्यांत पाणी उतरताना सल्फेट ऑफ पोटॅश, बागायतदारांचे ‘झिरो झिरो पन्नास’ (नत्र ०, स्फुरद ०, पालाश ५०%), वापरतात. हळदीत पालाशाचा संबंध मुख्यतः कंद पोसण्याशी आहे.

भारतात पालाश खतांचे व्यापारी खाणकाम नसल्याने ती आयात होतात. मळीवर चालणाऱ्या आसवनींतील सांडपाणी जाळून उरणाऱ्या राखेपासूनही आता पालाश खत (किमान १४.५%) बनवतात.