साष्टीतील जेझुइट मिशन

गोव्याच्या साष्टी तालुक्यात (मुंबईजवळची साष्टी वेगळी) येशू संघाच्या, म्हणजे जेझुइट, पाद्र्यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालवलेले धर्मप्रसाराचे कार्य. बारदेश आणि साष्टी हे महाल १५४३ मध्ये आदिलशहाकडून पोर्तुगिजांकडे आले. पुढे बारदेश फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांच्या आणि साष्टी जेझुइटांच्या वाट्याला गेली. पोपने दिलेल्या ‘पाद्रुआदो’ या अधिकारामुळे पाद्री पाठवणे, चर्च उभारणे हे पोर्तुगालच्या राजाचेच काम होते. साहजिकच उपदेशामागून सरकारी हुकूम येत असे.

१५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दोन्ही ठिकाणे तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होती. पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा १५५९ चा. गावकरीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कारभारात ख्रिस्ती गावकरांना झुकते माप मिळू लागले. धर्मांतराचा हा जमिनीशी जोडलेला भाग इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कथांपुढे अनेकदा झाकला जातो.

सर्वांत कडवा विरोध साष्टीतील कुंकळ्ळी गावाने केला. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांत काही काळ अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फो आक्वाव्हिवाही होता. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून मारण्यात आले. पाद्र्यांना १८९३ मध्ये चर्चने ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. गावच्या प्रमुखांचे स्मारक उभे राहायला आणखी शतकभर जावे लागले.

याच साष्टीत थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले गेले. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? उत्तरादाखल सुमारे अकरा हजार मराठी ओव्या आल्या, आणि त्यांत स्वर्गाला चक्क ‘वैकुंठ’ म्हटले आहे. छपाईचे देवनागरी खिळे नसल्याने १६१६ मध्ये रायतूरला हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

स्थानिक भाषेबद्दलची ही आस्था सरकारात टिकली नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच हाकलले आणि साष्टीतील चर्चे धर्मप्रांताच्या, म्हणजे कोणत्याही संघात नसलेल्या, पाद्र्यांकडे गेली. त्यांत बहुतेक गोमंतकीयच होते.