अमेरिकी कॉमिक्समधल्या प्रेमावर सरकारी बंदी? नव्हतीच!

‘१९५४ साली अमेरिकी सरकारनं कायदा करून कॉमिक्समधला शृंगार बंद केला’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. सिनेटच्या उपसमितीनं सुनावणी घेतली, पण बंदीचा कायदा केला नाही. मर्यादा घातल्या त्या ‘कॉमिक्स कोड’ या नियमावलीनं, आणि ती प्रकाशकांच्याच संघटनेनं लिहिली.

छपाईआधी पानं संघटनेच्या तपासनिसांकडे जात. गळा खोल वाटला की चित्रावर शाई चढवून तो वर घ्यायचा, मगच मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का. शिक्का नसलेला अंक बरेच वितरक उचलत नसत, खरी मेख इथे होती! ‘डेल’सारखा मोठा प्रकाशक मात्र कोडबाहेर राहूनही व्यवस्थित विकत होता.

प्रेमकथांवरही बंदी नव्हती, पण त्यांत घर आणि विवाहाचं पावित्र्य ठसवायचं, घटस्फोट हवाहवासा दाखवायचा नाही, अशी कलमं होती. समलिंगी नात्यांचा तर सूचक उल्लेखही ‘विकृती’ म्हणून निषिद्ध, आणि हा अन्याय १९८९च्या सुधारणेपर्यंत टिकला. मार्व्हलनं २००१मध्ये कोड सोडला. २०११मध्ये डीसी आणि आर्ची हे प्रकाशकही बाहेर पडले, तेव्हा शिक्का संपला.