रिक्वेस्टला नंबर वेशीतच पडला पाहिजे

मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका पिग्मी एजंटांचा फोन आला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, आवाज पार पडलेला. "संध्याकाळी कॅश भरायला गेलो बाळा, तर २०० रुपये कमी. मोबाईल म्हणतोय मी ४०० घेतलोय, मी दोनशेच घेतलोय." आम्ही चार-पाच जण बेळगावात बसून एका सोसायटीच्या पिग्मी ॲपची सर्व्हरची बाजू बघतो, त्यामुळं असले फोन शेवटी आमच्याकडंच येतात. रक्कम छोटी वाटेल, पण कमी पडलेले पैसे एजंटाला त्याच संध्याकाळी खिशातून भरावे लागतात, आणि दिवसभर पावसात फिरून मिळणारं कमिशन किती असतंय ते इकडं सगळ्यांना ठाऊक आहे.

पिग्मी म्हणजे काय ते बेळगाव-खानापूर-निपाणीत कुणाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, एजंट रोज दुकानात येतो, ५०-१०० रुपये घेतो, तुमच्या खात्यावर टाकतो. १९२८ मधे उडुपीकडं, पुढं जी सिंडिकेट बँक झाली तिनं ही पद्धत काढली, तेव्हा रोजचे दोन आणेसुद्धा घ्यायचे. तेव्हा हातात पावतीपुस्तक असायचं आणि प्रत्येक पावतीवर छापील नंबर. आता हातात मोबाईल आहे, आणि गंमत म्हणजे तो छापील नंबर मधल्या मधे गायब झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

एजंटानं "जमा" दाबलं की काय होतं ते जरा सावकाश बघू. फोनमधून एक मागणी निघते, तिला रिक्वेस्ट म्हणायचं, आणि सर्व्हरकडं काय मागायचं, कसं मागायचं याची जी ठरलेली भाषा असते ती एपीआय. ही रिक्वेस्ट पहिल्यांदा येते गेटवेवर. गेटवे म्हणजे गावाची वेस. आत घरं कितीही असूदेत, येणारा प्रत्येक जण वेशीतूनच येणार. तिथून रिक्वेस्ट आत जाते, एक प्रोग्रॅम बघतो हा एजंट खरा आहे का, दुसरा खातं शोधतो, तिसरा लेजरमधे, म्हणजे खातेवहीत, रक्कम चढवतो, चौथा गिऱ्हाईकाला एसएमएस पाठवतो. हे चारही वेगवेगळ्या मशीनवर चालतात आणि प्रत्येक जण आपापल्या वहीत, म्हणजे लॉगमधे, काय केलं ते लिहीत असतो. गडबड झाली की या चार वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या असतात.

आणि तिथंच अडतं. त्या दिवशी मी काय शोधणार? "गिऱ्हाईक पाटील, २०० रुपये, सकाळी ११ ते १२." खानापूर तालुक्यात पाटील शोधायचा म्हणजे काय ते सांगायला नको, त्यात एका वहीत नाव कन्नडमधे, दुसरीत इंग्रजीत. वेळेवरून शोधावं तर प्रत्येक मशीनचं घड्याळ थोडं थोडं पुढंमागं, मग लेजरमधली एंट्री गेटवेवर रिक्वेस्ट यायच्या आधीच झालेली दिसते, जे शक्यच नाही. एका सेकंदात पन्नास ओळी पडत असतील तर त्यातली यांची कुठली हे डोळ्यानं सांगता येत नाही.

यावरचं औषध तसं साधं आहे. रिक्वेस्ट वेशीत आली रे आली की गेटवेनं तिला एक नंबर द्यायचा, जगात दुसऱ्या कुठल्याच रिक्वेस्टला नसेल असा. तो नंबर रिक्वेस्टच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमधे लिहायचा, बहुतेक ठिकाणी त्या हेडरला एक्स-रिक्वेस्ट-आयडी म्हणतात. आणि पुढच्या प्रत्येक प्रोग्रॅमनं दोन कामं न चुकता करायची, आपल्या लॉगच्या प्रत्येक ओळीत तो नंबर लिहायचा आणि पुढच्याला देताना तसाच पुढं द्यायचा. बस्स. मग एक नंबर टाकून शोधलं की चारही वह्यांतल्या नेमक्या त्याच रिक्वेस्टच्या ओळी समोर येतात.

मला हे खरं समजलं ते कॉलेजात नाही, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत. माझे मामा तिथं फाउंड्रीत आयुष्यभर होते. भट्टीतून एकदा मेटल काढलं की त्या एका घाण्याला हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. त्या हीटचा छोटा नमुना ओतून कार्बन किती, सिलिकॉन किती ते तपासून वहीत त्याच नंबरापुढं लिहितात. आणि तो नंबर साच्यातच बसवलेला असतो, त्यामुळं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर येतो तोच अंगावर उठावाचे आकडे घेऊन. सहा महिन्यांनी कुठल्या तरी गिऱ्हाईकाकडं मशीनिंग करताना आत पोकळी सापडली, तर फोनवर आकडे सांगितले की इकडं वही उघडून कुठली भट्टी, कुठली शिफ्ट, कुठला माल सगळं निघतं. मी लहानपणी विचारलं होतं, नंबर नंतर पंच केला तर चालत नाही का? मामा म्हणाले, "गार झाल्यावर सगळी कास्टिंगं सारखीच दिसतात रे, नंतर कुठल्याला कुठला नंबर मारणार? ओतायच्या आधी साच्यात पाहिजे." गेटवेवरच नंबर का द्यायचा याचं याहून चांगलं उत्तर मला आजपर्यंत कुठं वाचायला मिळालेलं नाही.

आता नंबर कसला द्यायचा? पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात १, २, ३ असंच येतं, दवाखान्यातल्या टोकनसारखं. पण गेटवे एकच नसतो, लोड जास्त म्हणून तीन-चार मशीन असतात, आणि प्रत्येकानं "पुढचा नंबर कुठला?" म्हणून एकाच जागी विचारायला जायचं म्हणजे सगळा वेळ त्यातच, शिवाय ती एक जागा बंद पडली की सगळंच ठप्प. दुसरा तोटा जास्त आतला आहे. ओळीनं नंबर दिले की बाहेरच्याला तुमचा धंदा मोजता येतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हेच केलं, पकडलेल्या जर्मन रणगाड्यांवरचे सिरीयल नंबर बघून महिन्याला किती रणगाडे बनतात त्याचा हिशोब लावला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १५५०, नंबरांवरून काढलेला ३२७, आणि युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत निघाले ३४२.

म्हणून सरळ रँडम नंबर घेतात. त्याला यूयूआयडी म्हणतात, १२८ बिटांचा असतो (बिट म्हणजे एक ० किंवा १), लिहिला की ३२ आकडे-अक्षरं आणि मधे ४ आडव्या रेघा, मिळून ३६. चिन्हं फक्त ० ते ९ आणि ए ते एफ. जास्त चालणाऱ्या प्रकारात, म्हणजे चौथ्या व्हर्जनमधे, ६ बिटं खुणेसाठी जातात आणि १२२ बिटं निव्वळ रँडम राहतात. १२२ बिटांत किती वेगळे नंबर होतात? ५३ लिहून पुढं ३५ शून्यं द्या, साधारण तेवढे. कुणी म्हणेल, रँडम आहे तर कधीतरी दोन सारखे पडतीलच की. बरोबर आहे शंका, कारण हा हिशोब आपल्या अंदाजापेक्षा लवकर जुळतो, एका खोलीत फक्त २३ माणसं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तोच हिशोब इथं लावला तर सेकंदाला १०० कोटी नंबर काढत बसलात तर साधारण ८६ वर्षांनी एखादी जोडी सारखी पडायची शक्यता निम्मी होते. म्हणजे निपाणीतल्या मशीननं खानापूरच्या मशीनला न विचारता नंबर दिला तरी काही बिघडत नाही. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं, कुणी कुणाला विचारलं नाही, कुठं नोंद नाही, तरी टक्कर नाही.

मे २०२४ मधे या नंबरांच्या नियमांची नवी आवृत्ती आली, आरएफसी ९५६२ (इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात). त्यात सातवं व्हर्जन आहे, पहिल्या ४८ बिटांत १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद आणि पुढं रँडम. फायदा असा की नंबर क्रमानं लावले की आपोआप वेळेप्रमाणं लागतात. डेटाबेसला हे फार सोयीचं पडतं.

मोठ्या सिस्टीमला एवढ्यानं भागत नाही. रिक्वेस्ट आत गेली की तिच्या फांद्या फुटतात, एक प्रोग्रॅम तिघांना विचारतो, त्यातला एक आणखी दोघांना. कुणामुळं उशीर झाला हे कळायला प्रत्येक टप्प्याला स्वतःचा नंबर पाहिजे आणि "मला कुणी बोलावलं" तेही पाहिजे. गूगलनं २०१० मधे डॅपर नावाच्या आपल्या सिस्टीमवर पेपर काढला त्यात हीच रचना मांडली होती. एवढं सगळं प्रत्येक रिक्वेस्टसाठी लिहून ठेवणं महाग पडतं म्हणून पहिल्या आवृत्तीत ते १०२४ मधली साधारण एकच रिक्वेस्ट पूर्ण नोंदवायचे. पुढं याच कामाची ट्विटरचं झिपकिन, उबरचं येगर ही सॉफ्टवेअरं आली, आणि फेब्रुवारी २०२० मधे डब्ल्यूथ्रीसीनं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, ट्रेसपॅरेंट नावाचा हेडर ठरवून दिला, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला एकमेकांचे नंबर वाचता येतात. त्यात ३२ अक्षरांचा एक नंबर अखंड प्रवासात तोच राहतो आणि १६ अक्षरांचा दुसरा प्रत्येक टप्प्याला बदलतो. मामांच्या भाषेत हीट नंबर तोच, पण टर्निंग, ड्रिलिंग, फिनिशिंग प्रत्येकाचं जॉबकार्ड वेगळं.

आता परत जांबोटीकडं. आमच्या गेटवेवर नंबर पडत होता, ते काम पहिल्यापासून झालेलं होतं. पण लेजरचा प्रोग्रॅम जुना, त्यानं तो नंबर घेतला आणि टाकून दिला, लॉगमधे लिहिलाच नव्हता. एवढ्या एका वहीत नंबर नाही म्हणून आम्ही दोघं जण रात्री साडेअकरापर्यंत ओळी जुळवत बसलो. शेवटी निघालं ते असं. ११ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंदांनी पहिली रिक्वेस्ट आली, पैसे चढले, पण उत्तर परत जाताना घाटात रेंज गेली. फोननं ३० सेकंद वाट बघितली, उत्तर नाही म्हणून स्वतःच परत पाठवली, ११:४२:३८ ला दुसरी आली, परत २०० चढले. काकांनी बटण एकदाच दाबलं होतं.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते. गेटवेनं या दोन रिक्वेस्टना दोन वेगळे नंबर दिले आणि ते बरोबरच आहे, कारण वेशीतून दोनदा कोणीतरी आलं. रिक्वेस्ट आयडीमुळं काय झालं ते कळतं, दुबार एंट्री थांबत नाही. ती थांबवायला फोनमधेच, बटण दाबताक्षणी, व्यवहाराचा एक नंबर तयार व्हावा लागतो आणि परत पाठवताना तोच जावा लागतो. लेजरनं बघायचं, हा व्यवहार आधी चढलाय का, चढला असेल तर परत न चढवता जुनंच उत्तर द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात, नाव अवघड आहे पण काम पावतीपुस्तकातल्या छापील नंबराचंच. आम्ही दोन्ही केलं, लेजरला नंबर लिहायला लावला आणि फोनमधून पावती नंबर सुरू केला. काकांचे २०० रुपये दुसऱ्या दिवशी परत मिळाले.

अजून एक-दोन जागा आहेत जिथं नंबर हरवतो. एसएमएसचं काम लगेच होत नाही, रांगेत टाकलं जातं आणि दुसरा प्रोग्रॅम सवडीनं उचलतो, तिथं हेडर नसतो, त्यामुळं नंबर मेसेजच्या आतच लिहून ठेवावा लागतो. आणि बाहेरून कुणी स्वतःचा आयडी लावून पाठवला तर तो डोळे झाकून घ्यायचा नाही, किती लांब आहे, कसली अक्षरं आहेत ते तपासायचं, नाहीतर त्यातूनच लॉगमधे खोट्या ओळी घुसवता येतात. आम्ही आमचा नंबर वेगळा देतो आणि त्यांचा शेजारी नोंदवून ठेवतो. आयडीमधे मोबाईल नंबर किंवा खाते नंबर कधीच घालायचा नाही, लॉग दहा लोकांच्या नजरेखालून जातो.

शेवटचा बदल काकांमुळंच झाला. एरर आली की स्क्रीनवर नंबर दाखवायचा असं ठरलं, पण ३६ अक्षरं फोनवर कोण सांगणार, आणि पावसाच्या आवाजात बी, सी, डी, ई सगळं एकसारखंच ऐकू येतं. म्हणून आम्ही गेटवेवर मोठ्या नंबराला जोडलेला फक्त आकड्यांचा ८ अंकी छोटा नंबर काढायला लावला, तो एका दिवसापुरता वेगळा असला तरी पुरतं, कारण तारीख आम्हाला माहीतच असते. परवा त्यांचा परत फोन आला. "बाळा, लिहून घे, चार, शून्य, एळु, एळु," मधेच कन्नडात गेले, शेजारी दुकानदार बोलत होता बहुतेक, "परत एक, नऊ, ऐदु, दोन." मी टाकला आणि चारही वह्यांतल्या ओळी समोर आल्या. एंट्री एकदाच चढली होती, एसएमएस तेवढा रांगेत अडकला होता.