मूत्रपिंडाचा गाळणवेग आणि त्याचे मापन

मूत्रपिंडाचा गाळणवेग (जीएफआर) : दोन्ही मूत्रपिंडांतल्या सूक्ष्म गाळण्यांतून दर मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळला जातो, ते सांगणारा आकडा. निरोगी तरुणात तो साधारण १०० ते १२० धरतात. म्हणजे दिवसाकाठी दीडशेच्या आसपास लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जाऊन लघवीवाटे जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर पडतो. आजाराचा टप्पा, औषधांचे डोस, डायलिसिसची तयारी, मूत्रपिंडदात्याची निवड, प्रत्यारोपणानंतरची देखरेख हे सगळे याच आकड्यावर उभे असते. तो थेट मोजता येत नाही. रक्तातल्या एखाद्या पदार्थावरून ताडावा लागतो. पुणे परिसरातल्या शरीरांच्या बाबतीत हा अंदाज कुठे घसरतो, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

रोजच्या वापरातला पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन. तो स्नायूंत तयार होतो, मूत्रपिंडातून बाहेर पडतो. त्यामुळे रक्तातली त्याची पातळी मूत्रपिंडाइतकीच स्नायूंवरही ठरते. लॅबच्या अहवालात १.२ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर हा आकडा दोघांचा आला असे समजा. क्रिएटिनिनवरून गाळणवेग ताडणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तो घातला, तर तालमीत जाणाऱ्या ३० वर्षांच्या तरुणाचा गाळणवेग ८३ निघतो आणि ६० वर्षांच्या स्त्रीचा ५२. तरुणाच्या आकड्यात काळजीचे फारसे काही नाही. त्या स्त्रीला मात्र हा आकडा तीन महिने टिकला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा तिसरा टप्पा लागतो. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर फाइल मिटवणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

सूत्राला वय आणि लिंग कळते, स्नायू कळत नाहीत. पुण्यातल्या संशोधनाचे महत्त्व इथे आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातही हाच ‘सडपातळ पण चरबीयुक्त’ बांधा नवजात बाळांत दिसला. हे काम मधुमेहाच्या अंगाने झाले. पण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनाही त्यातून धडा घेता येतो. स्नायू कमी म्हणजे क्रिएटिनिन कमी, आणि सूत्र गाळणवेग आहे त्यापेक्षा चांगला दाखवते. शाकाहारी आहार त्यात भरच घालतो. दुसरी बाजूही आहे : जन्मवजन कमी असलेल्या बाळांत गाळण्यांची संख्याच कमी असते, असा विचार अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडला. गर्भात ३६ व्या आठवड्याच्या सुमारास नव्या गाळण्या बनणे थांबते, पुढे ती भर निघत नाही.

नमुना देतानाच्या चुका साध्या असतात, पण आकडा हलवतात. आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असेल तर क्रिएटिनिन काही तास चढे राहते. जिममधल्या क्रिएटिन पावडरीनेही तेच होते. सकाळी सिंहगड चढून येऊन दुपारी लघवी तपासायला दिली तर अल्ब्युमिन (गाळणी बिघडली की लघवीत उतरणारे प्रथिन) उगाचच जास्त येऊ शकते. ते पहिल्या सकाळच्या लघवीत पाहावे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मि.ग्रॅ. किंवा जास्त आले, तर पुन्हा तपासून खात्री करावी. क्रिएटिनिन तपासण्याची जुनी जाफे पद्धत (१८८६) पिक्रेटच्या नारिंगी रंगावर चालते. तिला कीटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविके फसवतात, तर काविळीतले बिलिरुबिन आकडा खाली ओढते. एन्झाइम पद्धत जास्त भरवशाची. शंका असेल तेव्हा लॅबला पद्धत विचारावी.

चोवीस तासांची लघवी जमवण्याची चाचणी कागदावर सोपी वाटते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवीही त्यातच. १४४० मि.लि. लघवी, त्यात क्रिएटिनिन ८० आणि रक्तात १.० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर, तर गाळणवेग ८०. यातली एकच २४० मि.लि. लघवी ऑफिसात झाली आणि कॅनमध्ये आलीच नाही, तर उत्तर थेट ६७. शिवाय थोडे क्रिएटिनिन मूत्रपिंडातल्या नलिकाही बाहेर टाकतात, म्हणून पूर्ण गोळा केलेल्या नमुन्यातही आकडा थोडा फुगतो.

सिस्टॅटिन-सी हे रक्तातले, गाळणवेग ताडायला वापरले जाणारे दुसरे प्रथिन स्नायूंवर फारसे अवलंबून नसते, म्हणून किरकोळ बांध्याच्या माणसात ते जोडीला घ्यावे. पण थायरॉइडचा बिघाड, शरीरातला दाह, लठ्ठपणा आणि स्टेरॉइड यांनी तेही बदलते. प्रत्यारोपण झालेला रुग्ण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत असतो, हे लक्षात ठेवायला हवे. त्याच रुग्णाला संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल दिले जाते. त्यातले ट्रायमेथोप्रिम नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर पडणे अडवते. गाळणी शाबूत असताना आकडा चढतो. तरीही नव्या मूत्रपिंडाच्या रुग्णात क्रिएटिनिन नेहमीच्या पातळीपेक्षा २०-२५ टक्क्यांनी वाढले, तर औषधावर ढकलून थांबू नये. टॅक्रोलिमस या नवे मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिलेल्या औषधाची रक्तातली पातळी, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

मूत्रपिंडदात्यासाठी सूत्राचा अंदाज पुरत नाही, बाहेरून दिलेल्या पदार्थावरून मोजलेला गाळणवेग लागतो. टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेले डीटीपीए, म्हणजे मूत्रपिंडातून गाळले जाणारे औषध, शिरेतून देऊन गॅमा कॅमेऱ्याने प्रत्येक मूत्रपिंडाचा वाटा वेगळा पाहतात. जास्त चांगले काम करणारे मूत्रपिंड दात्याकडेच ठेवायचे असते. निव्वळ कॅमेऱ्यावरचा आकडा मूत्रपिंडाच्या खोलीप्रमाणे चुकतो, ठराविक तासांनी रक्त घेऊन केलेली मोजणी अधिक अचूक. सुई शिरेबाहेर गेली आणि औषध ऊतीत उतरले, तर ती चाचणी रद्द धरावी.

केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार गाळणवेग ९० व त्यावर असेल तर दाता चालतो, ६० खाली चालत नाही, मधल्यांचा एकेकाचा विचार करायचा. भारतीय दात्यांत मोजलेला वेग पाश्चात्त्यांपेक्षा कमी, ८० च्या आसपासही आढळला आहे. ९० चा उंबरठा डोळे झाकून लावला तर निरोगी नातेवाइकांना परत पाठवावे लागेल. त्यात १.७३ चौ.मी. शरीरपृष्ठाचा प्रश्न येतो : वेगवेगळ्या आकाराच्या माणसांची तुलना करता यावी म्हणून गाळणवेग शरीराच्या एवढ्या पृष्ठफळाला बसवून सांगतात. हे माप १९२० च्या दशकातल्या अमेरिकी तरुणांवरून ठरले. १५५ सें.मी. उंच, ५० किलो वजनाच्या स्त्रीचे पृष्ठफळ १.४७ च भरते. तिचा प्रत्यक्ष वेग ६८ असला तरी १.७३ ला बसवल्यावर तो ८० होतो. जिवंत दात्यांमध्ये आपल्याकडे स्त्रियाच जास्त असतात, म्हणून अहवालात यांपैकी कोणता आकडा छापला आहे हे आधी पाहावे. औषधाचा डोस ठरवताना मात्र प्रत्यक्ष वेग, इथे ६८, हाच धरायचा.